अडगळ आणि ‘न मम’

वापरात नाही आणि घराबाहेरही गेलेली नाही, अशी वस्तू म्हणजे अडगळ. कचरा वेगळा. तो टोपलीत पडला की त्याचा घराशी संबंध संपतो. अडगळीबाबत मात्र ‘असू दे, लागेल कधीतरी’ असे कुणीतरी म्हटलेले असते आणि त्या एका वाक्यावर ती वीस-वीस वर्षे मुक्काम करते. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत तिच्या जागा ठरलेल्या असत: माजघरावरचा माळा, जिन्याखालची अंधारी खोली, भिंतीतले फडताळ. वाडे पडून इमारती आल्या, पण अडगळ काही कमी झाली नाही. ती न्हाणीघरावरच्या माळ्यात, पेटीपलंगाच्या पोटात आणि बंद केलेल्या बाल्कनीत गेली. आता जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, आणि जागा रिकामी करून देण्याची तारीख ठरली की माळ्यावरचे सगळे एकदम खाली येते. काय ठेवायचे आणि काय काढायचे, हा त्या वेळी नुसता सोयीचा प्रश्न वाटतो. भारतीय विचारपरंपरेने तो तसा मानलेला नाही. परिग्रह, अपरिग्रह, त्याग, दान, उत्सर्ग असे वेगवेगळे शब्द तिने त्यासाठी घडवले आहेत, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी धरणे. पतंजलीच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह असे पाच यम येतात. अपरिग्रह हा त्यातला शेवटचा. त्यावरच्या व्यासभाष्याने वस्तू न स्वीकारण्याची पाच कारणे दिली आहेत: ती मिळवताना, राखताना आणि झिजताना होणारा त्रास, तिच्याशी जडणारा संग आणि तिच्यापायी होणारी हिंसा. हे पाचही दोष ताडून पाहायला माळ्यावरचा तांब्याचा बंब पुरेसा आहे. तो आजीच्या लग्नात आला. त्यासाठी कुणीतरी पैसे साठवले होते. गिझर आल्यापासून त्यात पाणी तापलेले नाही, तरी दर दिवाळीला त्याला चिंच लावून घासावे लागते. तळाला बारीक भोक पडले आहे. काढायचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. आणि तो माळ्यावरून खाली उतरवताना ज्याची पाठ धरते तो घरचा क्वचितच असतो. भाष्यकारांच्या मनात हिंसेचा अर्थ याहून मोठा होता, जिवांना इजा न करता उपभोग होत नाही असा. पण पाठीपासून सुरुवात करायला हरकत नसावी.

याच योगसूत्रांत पुढे अपरिग्रहाचे जे फळ सांगितले आहे ते बुचकळ्यात टाकणारे आहे. अपरिग्रह स्थिर झाला की साधकाला आपल्या जन्मांचे ज्ञान होते, आपण कोण होतो, कसे होतो हे उलगडते, असे पतंजली म्हणतो. वस्तू सोडण्याचा आणि पूर्वजन्म आठवण्याचा संबंध काय? माणसे अडगळ ठेवतात ती बहुतेक वेळा आठवणीसाठी. शाळेचे प्रगतिपुस्तक, वडिलांचा बंद पडलेला रेडिओ, बाळंतविड्यातले झबले या वस्तू गेल्या तर त्यांच्याबरोबर आपला तेवढा भागही जाईल अशी धास्ती असते. सूत्राचे म्हणणे नेमके उलटे आहे. वस्तूंनी आठवण राखली जात नाही, झाकली जाते. हात मोकळे झाले की माणूस स्वतःकडे मागे वळून पाहू शकतो. हे कुणाला पटो वा न पटो, अडगळीच्या बाजूने जो सर्वांत मोठा मुद्दा मांडला जातो त्याला सूत्रकाराने सरळ हात घातला आहे.

जैन परंपरेने या विषयाचा जितका बारीक विचार केला तितका दुसऱ्या कुणी केलेला नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली: वस्तू जवळ असणे हा परिग्रह नव्हे, तिच्या ठायी शुद्ध हरपणे हा परिग्रह. म्हणजे रिकाम्या घरातला माणूसही परिग्रही असू शकतो. पण आतली मूर्च्छा मोजता येत नाही, आणि गृहस्थाला तर रोज उठून भांडी-कुंडी, धान्य, कपडे हाताळायचे असतात. म्हणून श्रावकासाठी परिग्रह-परिमाण व्रत आले: शेत, घर, सोने-नाणे, धान्य, भांडी यांची मर्यादा आपणच ठरवायची आणि ती ओलांडायची नाही. आचारग्रंथ एवढ्यावर थांबत नाहीत. व्रत न मोडता ते चुकवण्याच्या वाटाही त्यांनी नोंदवून ठेवल्या आहेत. घरांची संख्या ठरली असेल तर शेजारचे घर घेऊन मधली भिंत पाडायची आणि दोन्ही मिळून एक म्हणायचे. भांड्यांची संख्या ठरली असेल तर दोन आटवून एक जड भांडे करून घ्यायचे. हे व्रताचे अतिचार म्हणून गणले आहेत. दोन सदनिका जोडून एक केलेले फ्लॅट पुण्यात पाहणाऱ्याला मनुष्यस्वभावाच्या या जुन्या नोंदींत नवे काही वाटणार नाही.

अपरिग्रहावरचे आधुनिक काळातले एक महत्त्वाचे लेखन पुण्यातच झाले, तेही तुरुंगात. १९३० साली येरवडा कारागृहात असताना गांधीजींनी साबरमती आश्रमाला दर मंगळवारी एक पत्र पाठवून एकेक व्रत समजावले. ‘मंगळप्रभात’ हे त्या पत्रसंग्रहाचे नाव त्यावरूनच आले. त्यांनी अपरिग्रह अस्तेयाला जोडला: गरज नसताना ठेवलेली वस्तू मुळात चोरीची नसली तरी चोरीचीच समजावी. भागवताच्या सातव्या स्कंधातही पोटापुरत्यावरच माणसाचा हक्क आहे, त्याहून अधिक आपले मानणारा चोर आहे, असा विचार आला आहे. या भूमिकेत अडगळीचा अर्थ पार बदलतो. न वापरलेली गोधडी माळ्यावर आहे म्हणजे ती कुणाच्या तरी अंगावर नाही. प्रश्न घरातल्या जागेचा उरत नाही.

इथवर विचार झाला तो धरण्याचा. सोडण्याचा विचार धर्मशास्त्राने केला, आणि तो बराचसा वकिली पद्धतीने केला. दान म्हणजे आपले स्वत्व, म्हणजे मालकी, काढून घेऊन दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे. त्यात दोन घटना आहेत आणि त्या वेगळ्या धरल्या पाहिजेत. यज्ञात आहुती देताना यजमान ‘न मम’ म्हणतो, हे माझे नव्हे, तेव्हा पहिली घटना पुरी होते. दुसरी केव्हा होते यावर वाद आहे. मिताक्षरा परंपरेचे म्हणणे असे की घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय त्याची मालकी उत्पन्न होत नाही. दायभागकार जीमूतवाहनाच्या मते देणाऱ्याने सोडले की पुरे. तिसरा प्रकार उत्सर्गाचा. विहीर, तळे, बाग सर्वांसाठी सोडली जाते, तिथे घेणारा असा कुणी एक नसतो आणि सोडणाराही इतरांच्या बरोबरीने तिथले पाणी पिऊ शकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९३० ते १९६२ या काळात पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात दान, प्रतिग्रह आणि उत्सर्ग यांवरचे हे सारे खल वाचायला मिळतात. रात्री पिशवी भरून सोसायटीच्या दाराशी ठेवून देणे यांपैकी कशात बसते, याचे उत्तर कशातच नाही असे आहे. मालकाने मालकी सोडली, पण ‘न मम’ म्हटले नाही. फक्त पाठ फिरवली.

वाईट दानाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट कठोपनिषदाच्या आरंभीच येते. वाजश्रवसाने सर्वस्व देण्याचा यज्ञ मांडला आणि गाई दक्षिणेला काढल्या. त्या अशा होत्या की ज्यांचे पाणी पिऊन झाले आहे, चारा खाऊन झाला आहे, दूध काढून झाले आहे आणि पुढे वासरू व्हायचे नाही. कोवळा नचिकेत ते पाहतो, असले दान देणारा आनंद नसलेल्या लोकी जातो हे त्याच्या मनात येते, आणि तो बापाला विचारतो, मला कुणाला देता? तीनदा विचारल्यावर बाप चिडून म्हणतो, तुला मृत्यूला देतो. मृत्यूनंतर काय उरते या थोर संवादाचे दार असे गोठा रिकामा करण्याच्या प्रसंगातून उघडते, आणि भाष्ये वाचताना हे सहसा निसटते. वाजश्रवसाने त्याग केला नव्हता, अडगळ काढली होती, आणि मुलाने ते ओळखले. त्याचा प्रश्नही मार्मिक आहे: सर्वस्वात मी येतो की नाही?

वाजश्रवसाच्या गाई पुण्यातही फिरतात. लग्नात आलेला लेमन सेट खोका न उघडता पुढच्या लग्नात जातो, आणि कधी कधी चिठ्ठी काढायची राहून गेली म्हणून पहिल्या देणाऱ्याच्याच घरी परततो. हळदीकुंकवाला, ओटीला दिलेले ब्लाउजपीस तर या दानचक्राचा कळस. ते कुणी शिवत नाही. घडी न मोडता दहा घरे फिरते. यात कुणाचे नुकसान नाही हे खरे, पण दिले कुणीच नाही आणि मिळाले कुणालाच नाही. पूर किंवा भूकंप झाला की जमा होणाऱ्या जुन्या कपड्यांत फाटके, विटके, बटणे तुटलेले कपडे निघतात ते मात्र निरुपद्रवी नाही. ते निवडण्याचे काम संकटात असलेल्यांच्याच गळ्यात पडते. गीतेने सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना, घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला हिणवून दिलेले दान तामस ठरवले आहे. अठराव्यात कर्माच्या त्यागाचेही तीन प्रकार येतात, आणि शरीराला त्रास होतो म्हणून केलेला त्याग राजस म्हटला आहे. त्याला त्यागाचे फळ नाही. तो विचार कर्मापुरता आहे, वस्तूंचा नाही, पण धूळ झटकायचा कंटाळा आला म्हणून केलेली आवराआवर त्याला फार लांब नाही.

या बाबतीत बोहारणीचा व्यवहार अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारी दारात बसते. जरीची साडी उजेडाकडे धरून कुठे विरली आहे ते बघते. पँटीचे गुडघे ताणून पाहते, विटलेले बाजूला टाकते. घरातल्या बाई पातेल्यावर बोट ठेवतात, ती चाळणी पुढे सरकवते. ‘अजून एक साडी घाला, मग पातेलं देते.’ अर्ध्या तासाने सौदा होतो. यात पुण्याचा आव नाही, आणि ज्या कपड्याचा भाव ती करते तो पुढे कुणीतरी वापरणार हे नक्की असते. धातूच्या भांड्यांची वाट वेगळी. कसब्यातल्या तांबट आळीच्या परंपरेत जुने भांडे मोडीत निघते आणि त्याचा धातू नव्या भांड्यात जातो. पितळी डब्याच्या बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले मामाचे नाव आणि लग्नाची तारीख तराजूत धरत नाहीत. वजन होते ते पितळेचे. मोडीच्या दुकानात डबा काट्यावर ठेवल्यावर अनेकांचा अंगठा आपसूक त्या ठिपक्यांवरून फिरतो, ती तत्त्वार्थसूत्रातली मूर्च्छा.

घेणाऱ्याच्या बाजूने हा प्रश्न पुण्यात मांडला गेला तो कागद, काच, पत्रा गोळा करणाऱ्या बायांमुळे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. जुने कपडे, फर्निचर, बंद पडलेली यंत्रे गोळा करून पुन्हा वापरात आणण्याचे उपक्रमही ती चालवते. ज्या वस्तूला एका घराने अडगळ म्हटले तिचे वर्गीकरण, किंमत आणि पुढचा प्रवास यांचे ज्ञान या बायांकडे आहे. धर्मशास्त्रात दान घेणाऱ्याची पात्रता तपासण्यावर पानेच्या पाने आहेत. दिल्या जाणाऱ्या वस्तूची पात्रता घेणाऱ्याने तपासावी, हा विचार या शहरात असा तळातून आला. बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत भरणारा जुना बाजारही तेच करतो, फक्त मोठ्याने भाव करून.

काही वस्तू मात्र विकता, देता किंवा टाकता येत नाहीत: देवाच्या आणि मेलेल्या माणसाच्या. परंपरेने त्यांच्यासाठी विधी ठरवले, आणि सोडण्याचे शास्त्र इथे सर्वांत स्पष्ट दिसते. गणपतीची उत्तरपूजा झाली की मूर्तीवर अक्षता वाहून ती जागेवरून किंचित हलवतात. त्या क्षणी देव निघाला, उरली ती माती. विसर्जन त्यानंतरचे. आधी नाते सोडवायचे, मग वस्तू, हा क्रम आहे. तो न पाळल्यामुळे देवादिकांच्या जुन्या तसबिरी, तडा गेलेल्या मूर्ती आणि वापरून गेलेल्या पोथ्या पिंपळाच्या पारावर किंवा मुठेच्या काठी भिंतीला टेकवून ठेवलेल्या दिसतात. घरात नकोत आणि टाकवतही नाहीत, म्हणून देवाला रस्त्यात अर्ध्यावर सोडलेले असते. गेलेल्या माणसासाठी शय्यादान होते: गादी, उशी, पांघरूण, छत्री, पादत्राणे, भांडी अकराव्या-बाराव्या दिवशी दान द्यायची. परलोकाच्या वाटेवर त्याला ती मिळतात ही श्रद्धा. ती बाजूला ठेवली तरी विधीचे एक काम उरते. वस्तू कधी द्यायच्या हा निर्णय दुःखातल्या माणसावर सोडलेला नसतो, दिवस ठरलेला असतो. आता शय्यादानाला बाजारातून नवी गादी आणतात किंवा पैसे देतात, आणि गेलेल्याचा चष्मा, चपला, शर्ट कपाटात वर्षानुवर्षे राहतात.

लोकधर्म या बाबतीत दोन्ही बाजूंनी बोलतो. आश्विन अमावास्येला नव्या केरसुणीची लक्ष्मी म्हणून पूजा होते आणि रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढण्याची रीत आहे. पण तिन्हीसांजेला केर काढू नये, लक्ष्मी जाते, असेही तेच घर सांगते. बाहेर काढताना जे जायला नको तेही जाईल ही भीती केरसुणीला कायम चिकटलेली आहे. घटस्थापनेच्या आधी घरातली झाडून सगळी गोधडी-भांडी बाहेर काढून धुण्याला गावाकडे ‘दसरा काढणे’ म्हणतात. गंमत अशी की त्यात निघते सगळे आणि धुऊन-वाळवून परत आत जाते सगळे.

आणि जाणे म्हणजे सोडणे नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासल्याची धरणे फुटली तेव्हा नदीकाठच्या पेठांतले संसार एका दिवसात वाहून गेले. त्याला कुणी त्याग म्हणत नाही. देहूची गोष्ट याच्या शेजारी ठेवून पाहावी. तुकोबांच्या घरी सावकारी होती. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात घर कोसळल्यावर त्यांनी येणे असलेल्या कर्जाची खते बाहेर काढली, धाकटा भाऊ कान्होबा याचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत बुडवला, असे परंपरा सांगते. यातली अचूक गोष्ट वाटणी ही. दुसऱ्याचे सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, म्हणून भावाचे कागद पाण्यात गेले नाहीत. घरातल्या सगळ्यांची अडगळ एकट्याच्या उत्साहात काढणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बरीच भांडणे टळतील. पुढे त्याच इंद्रायणीत अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या तेव्हा तुकोबा काठावर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले, अशी कथा आहे. खते सोडणारा माणूस वह्यांसाठी बसून राहिला. ज्याला सगळे सारखेच नको असते तो विरक्त असेलच असे नाही. बहुधा तो उदासीन असतो. आळंदीच्या ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अनासक्तीचे वर्णन करताना मुक्कामावर उतरलेल्या वाटसरूचा दृष्टांत घेतला आहे. वाटसरूलाही गाठोडे असते. तो धर्मशाळेला आपले घर समजत नाही, इतकेच.

मग जे ठेवले गेले त्याचे काय? भालचंद्र नेमाड्यांच्या २०१० च्या ‘हिंदू’ कादंबरीच्या उपशीर्षकात अडगळीला समृद्ध असे विशेषण लागले आहे, आणि मराठी इतिहासलेखन खरोखरच माळ्यावरून खाली आले. वि. का. राजवाडे गावोगावच्या वाड्यांत हिंडून कापडात बांधलेले दप्तरांचे रुमाल मिळवत. वाळवी लागलेले, रद्दीत निघालेले कागद त्यांनी वाचवले, मराठ्यांच्या इतिहासाची साधने म्हणून छापले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात पुढाकार घेतला. स्वतः राजवाडे हाताने रांधून खात, गरजा अगदी मोजक्या ठेवून राहिले. अपरिग्रही माणसाने दुसऱ्यांची अडगळ जन्मभर वाहिली, आणि यात विसंगती नाही. कारण ती वाहताना ‘माझे’ म्हणायचे काही नव्हते.

दिनकर गंगाधर केळकर यांची गोष्ट याहून अवघड आहे. ते ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. राजाच्या तलवारींपेक्षा घरातल्या गोष्टींकडे त्यांचा ओढा: अडकित्ते, समया, पानदाने, किसण्या, कंगवे, दौती, कडीकोयंडे. बायकोच्या, कमलाबाईंच्या साथीने त्यांनी गावोगाव फिरून, घासाघीस करून त्या मिळवल्या. मूर्च्छा म्हणायची तर ती इथे पुरेपूर होती. लहानपणीच गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहाला दिले गेले, आणि हा सगळा ठेवा केळकरांनी पुढे महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. धर्मशास्त्राच्या भाषेत हा उत्सर्ग: सर्वांसाठी सोडलेले तळे, ज्यातून सोडणाराही सर्वांबरोबर पाणी पिऊ शकतो. १९९० मध्ये केळकर गेले. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांतल्या सुमारे अडीच हजार दालनांत मांडलेल्या आहेत. बाकीच्या आत, जागेअभावी, बांधून ठेवल्या आहेत.